ब्लॉक की पारंपरिक? आधी कुठला ब्लॉक ते विचारा

"मुलगी नववीत जातेय, नवी शाळा ब्लॉक शेड्यूलवाली आहे. बरं असतं का हो ते?" अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो. (ब्लॉक शेड्यूल म्हणजे दिवसाला थोडेच पण लांब पिरियड असलेलं वेळापत्रक.) मग एक जण सांगतो, ब्लॉकमध्ये एपीचे, म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांचे, हाल होतात. दुसरी सांगते, आमच्या मुलाला तर काहीच फरक जाणवला नाही. दोघंही खरंच सांगत असतात, फक्त दोघांच्या शाळांतला ब्लॉक वेगळा असतो. हे कोणीच विचारत नाही, आणि नवीन पालक बिचारे आणखी गोंधळतात.

पारंपरिक वेळापत्रक तुम्हाला माहीत आहे. दिवसाला सहा ते आठ पिरियड, प्रत्येक साधारण 45 ते 55 मिनिटांचा, सगळे विषय रोज, वर्षभर. आपल्याकडे वारानुसार तासिका बदलायच्या, इथे सोमवारचंच वेळापत्रक शुक्रवारी असतं. आणि शिक्षक वर्गावर येत नाहीत, मुलं खोल्या बदलतात. बाकी सगळं ओळखीचंच.

ब्लॉकमध्ये पिरियड 80 ते 90 मिनिटांचा आणि दिवसाला चारच. सगळ्यांचं लक्ष नेमकं इथे अडकतं. दीड तास पोर एका जागी बसेल का? बसतं. शिक्षक तयारीचे असले तर दीड तासात थोडं शिकवणं, थोडं गटात काम, थोडं लिहून घेणं असं करतात. तयारी नसेल तर 50 मिनिटं शिकवून उरलेल्या वेळात होमवर्क करायला सांगतात, आणि त्याचा दोष वेळापत्रकाला देण्यात अर्थ नाही. केमिस्ट्रीचा प्रयोग मांडायचा, करायचा, आवरायचा आणि निरीक्षणं लिहायची, हे 45 मिनिटांत धड होत नाही. लांब पिरियडचा हा फायदा खरा आहे.

पण पिरियड किती लांब आहे, हा मुख्य प्रश्नच नाही. मुख्य प्रश्न असा, की विषय वर्षभर चालतो की अर्ध्या वर्षात संपतो?

ब्लॉक या एकाच नावाखाली दोन अगदी निराळ्या पद्धती चालतात. पहिली ए/बी. मुलाला आठ विषय असतात, आज चार, उद्या दुसरे चार, आणि हे असंच वर्ष संपेपर्यंत. काही शाळा ए-बी न म्हणता आपल्या रंगांवरून दिवसांना नावं देतात, गोष्ट तीच. दुसरी फोर बाय फोर. इथे पहिल्या सेमिस्टरला चार विषय, रोज, आणि ते जानेवारीच्या आसपास संपतात. संपतात म्हणजे पूर्ण संपतात, शेवटची परीक्षा होते, वर्षभराचं क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्याची नोंद, जमा होतं. मग दुसऱ्या सेमिस्टरला वेगळे चार.

आता हिशोब करू. बहुतेक ठिकाणी शाळा 180 दिवसांची असते. पारंपरिक पद्धतीत रोज 45 मिनिटं धरली तर एका विषयाला 8100 मिनिटं मिळतात, म्हणजे 135 तास. ए/बीमध्ये 90 दिवस गुणिले 90 मिनिटं, पुन्हा 8100. फोर बाय फोरमध्येही 8100. पारंपरिक पिरियड 50 मिनिटांचा असेल तर तिथे उलट 150 तास होतात. म्हणून "ब्लॉकमध्ये प्रत्येक विषयाला जास्त वेळ मिळतो" हे वाक्य ऐकलं की माझा पारा चढतो. शाळेच्या माहितीपत्रकातसुद्धा ते छापलेलं असतं. विषयाला वेळ जास्त मिळत नाही. एका बैठकीला मिळतो, आणि बैठका निम्म्या होतात. वाढते ती विषयांची संख्या: वर्षाला सहा-सात क्रेडिट मिळायची तिथे आठ.

वेळ सारखाच असेल तर बिघडतं कुठे? तो वेळ कॅलेंडरवर कसा पसरलाय, तिथे. ए/बीचा विषय पारंपरिकसारखाच वर्षभर चालतो, त्यामुळे मुलाच्या आयुष्यात तो जवळपास पारंपरिकसारखाच वागतो. फोर बाय फोर मात्र पूर्ण वेगळी चीज आहे.

भारतात लग्नाला जायचं म्हणून मुलाचे शाळेचे 15 दिवस बुडाले असं धरा. पारंपरिक शाळेत प्रत्येक विषयाच्या 180 पैकी 15 बैठका गेल्या, म्हणजे बारावा हिस्सा. ए/बीमध्ये 90 पैकी सात-आठ, तोच बारावा हिस्सा. फोर बाय फोरमध्ये 90 पैकी 15, म्हणजे सरळ सहावा हिस्सा, दुप्पट नुकसान. त्यात डिसेंबर म्हणजे सेमिस्टरचा शेवट. तीन आठवड्यांचं तिकीट काढण्याआधी हे बघायला हवं, आणि बहुतेक जण तिकीट काढल्यावर काउन्सेलरला ईमेल करतात.

गणिताचं तर आणखी वाईट. नववीच्या पहिल्या सेमिस्टरला अल्जिब्रा वन झालं, जानेवारीत संपलं. जिऑमेट्री दहावीच्या दुसऱ्या सेमिस्टरला मिळाली, तर मधलं अख्खं वर्ष पोराने गणिताला हात लावलेला नाही. स्पॅनिशचं हेच. भाषा आणि गणित रोज थोडं थोडं करायचे विषय आहेत, असं माझं ठाम मत आहे, आणि या दोन्हींसाठी मी कधीही साधा पारंपरिक पिरियडच निवडेन.

मग एपी. या परीक्षा सगळ्या देशात मे महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत होतात. त्या घेणारी संस्था, कॉलेज बोर्ड, तुमच्या शाळेचं वेळापत्रक विचारत नाही. एपीचा विषय पहिल्या सेमिस्टरला घेतला तर जानेवारीत संपलेलं मेपर्यंत डोक्यात ठेवायचं. दुसऱ्या सेमिस्टरला घेतला तर तीन-साडेतीन महिन्यांत सगळा पोर्शन उरकायचा, आणि जिथे शाळा जूनपर्यंत चालते तिथे वर्गाचे बरेच दिवस परीक्षेनंतर उरतात, म्हणजे कामाचे नाहीत. शहाण्या शाळा यावर उपाय करतात. एपी कॅल्क्युलस दोन्ही सेमिस्टरला पसरवतात, किंवा एका ब्लॉकचे दोन तुकडे करून 45 मिनिटांचा पिरियड वर्षभर चालवतात. त्याला स्किनी म्हणतात. तुमच्या शाळेत स्किनी आहेत का, हे जरूर विचारा. बँड-ऑर्केस्ट्रातल्या मुलांनाही त्याचाच आधार असतो. नाहीतर निम्मं वर्ष वाद्याविना जातं, किंवा वर्षभर वाजवायला दोन क्रेडिटच्या जागा द्याव्या लागतात.

आपल्या लोकांना सगळ्यात महाग पडतं ते वर्षाच्या मध्यात गाव बदलणं. नोकरी बदलली, जानेवारीत नॉर्थ कॅरोलायनाहून न्यू जर्सीला आलो, हे घरोघरी घडतं. नॉर्थ कॅरोलायनात फोर बाय फोर बऱ्याच हायस्कूलमध्ये आहे. तिथून आलेल्या मुलाचे चार विषय पूर्ण झालेले असतात आणि उरलेल्यांचं पहिलं पानही उघडलेलं नसतं. नवी शाळा वर्षभराची असेल तर तिथे केमिस्ट्री अर्धी शिकवून झालेली, आणि मुलगा शून्यावर. उलट दिशेने गेलात तर सात विषय अर्धे-अर्धे, आणि समोर चार नवे कोरे. ए/बीहून पारंपरिककडे जाताना यातलं काही होत नाही.

फोर बाय फोरच्या बाजूनेही बोलायला हवं. एका वेळी चारच विषय असल्यामुळे रोजचा ताण खरंच हलका होतो. जो मुलगा पहिल्या सेमिस्टरला नापास झाला, तो दुसऱ्याच सेमिस्टरला तो विषय पुन्हा घेऊ शकतो, त्याचं वर्ष वाया जात नाही. आणि गणितात पुढे जायची इच्छा असलेली मुलं एका वर्षात जिऑमेट्री आणि अल्जिब्रा टू दोन्ही करून बारावीच्या आत कॅल्क्युलसला पोहोचतात.

कॅनडात ओंटारिओमधल्या बहुतेक हायस्कूलमध्ये हेच चालतं: सेमिस्टरला चार विषय, 75 मिनिटांचा पिरियड, 110 तासांचं क्रेडिट. तिथे त्याला ब्लॉक न म्हणता सेमिस्टर पद्धत म्हणतात, आणि माझ्या मते तेच नाव बरोबर आहे. न्यू जर्सीत बऱ्याच ठिकाणी रोज एक-दोन विषय गाळून क्रम फिरवतात. त्यालाही लोक ब्लॉक म्हणतात, पण विषय वर्षभर चालतात, तेव्हा निश्चिंत राहा.

शाळा फोर बाय फोर निघाली, तर विषयनिवडीच्या फॉर्मवरच लिहून द्या: गणित यंदा कोणत्या सेमिस्टरला हवं, पुढच्या वर्षी कोणत्या, आणि एपी कोणत्या. शाळा विनंती मानेलच असं नाही. पण ऑगस्टमध्ये वेळापत्रक हातात पडल्यावर बदल करून घेणं फार कठीण जातं, कारण तोवर वर्ग भरलेले असतात.