उडीचा वरचा चतकोर

चिनी तलवारपटातील वीर वेळूच्या बनात तरंगताना दिसले की ‘तारा बांधलेल्या असतात’ असे म्हणून आपण विषय मिटवतो. अलीकडच्या वूशियापटांबाबत, म्हणजे अशा तलवारपटांबाबत, ते बहुतांशी खरे आहे. परंतु किंग हू यांनी तैवानमध्ये घडवलेल्या आणि १९७५ साली कान महोत्सवात तांत्रिक कामगिरीसाठी गौरवल्या गेलेल्या ‘अ टच ऑफ झेन’ या चित्रपटातील वेळूबनाची लढाई मुख्यतः ट्रॅम्पोलिन (उसळी देणारे ताणलेले कापड) आणि संकलकाची कात्री यांच्या बळावर उभी आहे. ट्रॅम्पोलिन उंची देते. तरंगण्याचा भास मात्र गुरुत्वाकर्षणाकडूनच उसना घेतलेला आहे.

तो असा. स्थिर अवस्थेतून पडणाऱ्या वस्तूने कापलेले अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे पडण्याच्या निम्म्या वेळात ती केवळ पाव अंतर खाली येते. वर जाणे ही याच क्रियेची उलटी आवृत्ती असल्याने, हवेत घालवलेल्या एकूण वेळेपैकी निम्मा वेळ उडीच्या सर्वांत वरच्या पाव उंचीत जातो. समजा, नटाचा गुरुत्वमध्य ट्रॅम्पोलिनमुळे २ मीटर वर गेला. हवेतील एकूण काळ सुमारे १.२८ सेकंद, म्हणजे सेकंदाला २४ या दराने जवळपास ३१ चित्रचौकटी. त्यांपैकी मधल्या पंधरा चौकटी वरच्या अर्ध्या मीटरमध्येच टिपल्या जातात. उडी सुरू होताना दोन लगतच्या चौकटींत शरीर सुमारे २५ सेंटिमीटर वर सरकते, तर शिखराच्या लगतच्या चौकटीत ते एक सेंटिमीटरही खाली येत नाही. आडवा वेग मात्र जवळजवळ तसाच राहतो. संकलकाने या मधल्याच चौकटी राखल्या, तर पडद्यावर उरतो तो सरळ रेषेत सरकणारा, वजन हरवलेला माणूस.

चिनी कथांत या कौशल्याला छिंगगुंग, म्हणजे अंग हलके करण्याची विद्या, म्हणतात. आपल्याकडे अष्टसिद्धींतील लघिमा आहेच. मांडी घालून हवेत ‘तरंगणाऱ्या’ साधकांची छायाचित्रे अधूनमधून फिरतात, ती पाहताना हा वरचा चतकोर आठवावा. बेडूकउडीच्या शिखरावर कॅमेऱ्याची कळ दाबली, की सिद्धी प्राप्त होते. त्याच उडीची अखंड चित्रफीत मात्र सहसा कोणी दाखवत नाही.

या लढाईतील सर्वांत गाजलेला क्षण म्हणजे नायिका यांग हिने उंच वेळूवरून शत्रूवर तलवारीसह मारलेला सूर. तेथे शिखराची युक्ती पुरत नाही, कारण आता पडणेच दाखवायचे आहे. आठ मीटरवरून पडणारे शरीर जमिनीपाशी ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेग गाठते आणि तो वेग कोणत्याही नटाचे हाड मोडण्यास पुरेसा आहे. म्हणून किंग हू यांनी हा सूर अत्यंत तोकड्या दृश्यतुकड्यांत चिरला. प्रत्येक तुकड्यात दिशा तीच राहते, त्यामुळे प्रेक्षकाचा मेंदू त्यांना एकाच पतनाचे भाग मानून मधली गाळलेली उंची स्वतःच भरून काढतो.