परमिट खिशात, हात स्टिअरिंगवर

दारूबंदीच्या गुजरातेत, बडोद्यात 31 डिसेंबर जवळ आला की दांडिया बाजारापासून अलकापुरीपर्यंत तेच ऐकू येतं: ‘हेल्थ परमिट आहे ना आपल्याकडे, अडवलं तर दाखवू.’ खुशाल दाखवा, तब्येतीच्या कारणावर मिळालेला तो दारू पिण्याचा परवाना. पण रस्त्यात अडवलं की केसेस दोन होऊ शकतात आणि परमिट त्यातल्या एकीलाच लागू पडतं.

प्रोहिबिशनची, म्हणजे दारूबंदीची केस बडोदेकरांना शिकवायला नको. कायदा 1949 चा, गाडी असो वा नसो, विनापरमिट प्यायलात की गुन्हा.

दुसरी केस मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ची. हा 1988 चा कायदा पुण्यात, इंदुरात, इथे सगळीकडे सारखाच. बाटली परमिटवर आणली की चोरून, हे तो विचारत नाही. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आणि तुम्ही गाडी चालवताय किंवा चालवायच्या प्रयत्नात आहात, एवढं त्याला पुरतं. पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. परमिट पिण्यापुरतं असतं, ड्रायव्हिंगचा त्यात उल्लेखही नसतो. स्टिअरिंगवर बसून ते पुढे करणारा माणूस आपण प्यायलोय हे पोलिसांना आपणहून सांगतो, याचं मला दरवर्षी नवल वाटतं. आणि मशीनमध्ये फुंकायला नकार देणं ही पळवाट नाही. नकार सबळ कारणाशिवाय असेल, तर तो तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येतो.

आकड्यांचा घोळ या दोन कायद्यांतूनच होतो. दारूबंदी कायद्यात रक्तातलं 0.05 टक्के प्रमाण येतं, म्हणजे 100 मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम. तेवढं किंवा जास्त निघालं की आपण गुन्हा केला नाही हे आरोपीनं सिद्ध करायचं. लोक हा आकडा गाडीला लावतात आणि 40 वाल्याला ‘तू लिमिटमध्ये आहेस’ म्हणून चावी देतात. गाडीसाठी 40 म्हणजे हद्दीबाहेर. आणि दारूबंदीतही 50 च्या खाली पिण्याची मुभा नाही. तिथे फक्त पुराव्याचं ओझं सरकारी पक्षावर राहतं.

मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांचं नेमकं उलटं होतं. ‘मी मागे बसतो, मला काय’ हे तिकडे चालतं. इथे मागच्या सीटवर बसलेल्याला 185 लागत नाही, प्रोहिबिशन लागू शकतं. परमिटची खरी गरज त्यालाच आहे, आणि ते घरी विसरणाराही बहुधा तोच.