पिल्लाआधी त्याचा वास घरात येऊ द्या

घरातला ससा एकटा पडलाय, त्याला सोबत आणू या, असं म्हणत इंदूरच्या कितीतरी घरांत दुसरं पिल्लू येतं. मुलांचा हट्ट असतो, मोठ्यांनाही दया आलेली असते. बाजारातून आणलेला तो इवलासा जीव त्याच संध्याकाळी मोठ्याच्या पिंजऱ्यात सोडला जातो. मोठा अंगावर धावून जातो, पिल्लू कोपऱ्यात दबतं आणि घरचे म्हणतात, "इतका गरीब होता, आता मत्सर करायला लागला." सशाच्या नाकाने पाहिलं तर त्याच्या वागण्यात मत्सराचा काही संबंध नसतो. त्याच्या घरात एक अनोळखी वास शिरलेला असतो.

सोबतीची कल्पना मात्र योग्यच आहे. आपण पाळतो ते सगळे ससे स्पेन-पोर्तुगालकडच्या एकाच रानटी जातीचे वंशज. ती जात बिळं खणून टोळीने राहते. माळव्यातल्या शेतांच्या बांधावरून पळताना दिसतो तो ससा वेगळ्या जातीचा. तो एकेकटा राहतो, बिळं करत नाही आणि त्याची पिल्लं उघड्या डोळ्यांनी, अंगावर केस घेऊन जन्मतात. त्याला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे शेतात सापडलेलं पिल्लू घरी आणू नये.

पाळीव सशाची पिल्लं जन्मतात ती उघडी-नागडी, डोळे आणि कान मिटलेली. आई दिवसातून साधारण एकदाच, तीन-चार मिनिटांसाठी दूध पाजायला येते. तेवढ्यात आंधळ्या पिल्लांनी सड शोधायचे, आणि ती ते वासाने शोधतात. २००३ साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी सशाच्या दुधातला हा वास देणारा रेणू ओळखला. तो लावलेली काचेची कांडी पुढे केली तरी पिल्लं तिला तोंड लावतात. या प्राण्याची जगाशी पहिली ओळख नाकाने होते आणि पुढेही आपला कोण, परका कोण, हे मुख्यतः नाकच ठरवतं.

याचा नीट अभ्यास झाला ऑस्ट्रेलियात, तोही एका संकटामुळे. १८५९ साली टॉमस ऑस्टिन या जमीनदाराने शिकारीसाठी इंग्लंडहून मागवलेले ससे आपल्या जमिनीवर सोडले आणि पुढच्या काही दशकांत ससे देशभर पसरले. त्यांना आवरायचं तर आधी समजून घ्यायला हवं होतं. सीएसआयआरओ या तिथल्या सरकारी संशोधन संस्थेत रोमन मिकिटोविच यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत कुंपणात ठेवलेल्या सशांच्या टोळ्यांवर बारकाईने नजर ठेवली. टोळीत नरांची वेगळी उतरंड असते, माद्यांची वेगळी. सशाच्या हनुवटीखाली गंधग्रंथी असते. वरच्या पायरीवरच्या नराची ग्रंथी मोठी असते आणि तो हनुवटी घासून खुणाही जास्त करतो. स्वतःच्या वासाच्या जागेत ससा धीट असतो, परक्याच्या जागेत बिचकतो. पिल्लांच्या बाबतीत माद्या विशेष कडक: दुसरीच्या पिल्लाला त्या हुसकतात, चावतात. परक्या सशांचा वास चोपडला, तर आई स्वतःच्या पिल्लावरही धावून जाते.

हे एकदा मनात ठसलं की काय करायचं ते आपोआप सुचतं. पिल्लू आधी वेगळ्या खोलीत ठेवायचं, निदान दोन आठवडे. खरूज, कानातले किडे, कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीची हगवण, सर्दीसारखा श्वसनाचा संसर्ग, यातलं काही बरोबर आलं असेल तर तेवढ्या दिवसांत बहुधा दिसतं. पिल्लू आठ आठवड्यांचं तरी असावं; बाजारात त्याहून लहान सर्रास विकतात, आणि आईपासून लवकर तुटलेल्या पिल्लाचं पोट फार नाजूक असतं. त्याला सुकं गवत भरपूर द्या, थोडा लसूणघासही चालतो. मोठ्याला लसूणघास नको, त्यात कॅल्शियम फार. पोहे, शेव, बिस्किट दोघांनाही नको, मुलांनी कितीही प्रेमाने पुढे केलं तरी.

या दिवसांत अदलाबदल करायची ती वासाची. रामबागेतल्या एका घरी हे अगदी जवळून पाहिलं. वहिनींनी पिल्लाच्या अंगाखालचा जुना टॉवेल मोठ्या मादीपुढे ठेवला. ती आधी दोन पावलं मागे सरली, मागचा पाय दाणकन आपटला. मग मान लांब करून, कान पुढे काढून हुंगलं, नाकपुड्या भराभर हलत होत्या. शेवटी पुढे येऊन टॉवेलच्या कडेवर तिने सावकाश हनुवटी घासली. "काकू, ती रागावली का?" शेजारच्या मुलीने विचारलं. राग कसला, तिने त्या वासावर आपला वास चढवला होता. असं रोज होऊ लागलं की पिंजरे शेजारी ठेवावेत, मध्ये नाक न पोचेल एवढी फट सोडून.

प्रत्यक्ष भेट दोघांनाही परक्या जागेत व्हावी: न्हाणीघर, जिना, शेजाऱ्यांची गॅलरी. फरशीवर सतरंजी टाका, नाहीतर पाय घसरतात आणि घाबरलेला ससा जास्त चिडतो. दोन तोंडांचं खोकं ठेवा, म्हणजे पिल्लू आत कोंडलं जाणार नाही. पाठलाग, अंगावर चढणं हे उतरंड ठरवणं आहे, थोडं चालू द्यावं. कान मागे, शेपूट वर आणि अंग ताठ दिसलं की लगेच वेगळं करा, हातात जाड टॉवेल घेऊन. सशाची कातडी पातळ असते, आणि चाव्याच्या जखमेत दह्यासारखा घट्ट पू धरतो, तो आपोआप वाहून जात नाही. एकाने डोकं खाली घातलं आणि दुसऱ्याने ते चाटलं, की बरंचसं जमलं. मे महिन्यात हे सगळं पहाटे किंवा रात्री करा. सशाला घाम येत नाही, तो उष्णता बाहेर टाकतो ती मुख्यतः कानांवाटे, आणि इंदूरच्या चाळिशीपारच्या दुपारी तेवढं पुरत नाही.

खरी कसोटी पुढे असते. पिल्लू तीन-साडेतीन महिन्यांचं झालं की अंगात हार्मोन्स खेळू लागतात, त्याचा वासही बदलतो, आणि आतापर्यंत अंगाला अंग लावून झोपणारे दोघे एका सकाळी केस उपटताना दिसतात. यात कोणाचाही दोष नाही. जोडी नर-मादीची असेल तर दुसरी घाई असते: मादीत बीज सुटतं तेच समागमानंतर, आणि महिन्याभरात पिल्लं होतात. लहान वयात नर-मादी ओळखताना विक्रेतेच काय, जाणकारही चुकतात. म्हणून तिसऱ्या महिन्यात लिंग नक्की तपासून घ्या आणि नसबंदीबद्दल सशांची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी बोला. भूल देण्यात सशांचा अनुभव हवाच. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करता येईल. नसबंदीनंतरही नर चार-सहा आठवडे वेगळा ठेवावा, तेवढे दिवस तो बाप होऊ शकतो. मादीची नसबंदी केली तर गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोकाही टळतो. वय वाढलेल्या माद्यांत तो खूप आढळतो.

जोडी जुळल्यावर एकाला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर दोघांनाही एकाच टोपलीत न्या. एकटा गेलेला ससा औषधांचा आणि परक्या कुत्र्या-मांजरांचा वास घेऊन परततो, आणि घरी थांबलेल्याला तो अनोळखी वाटू शकतो. शस्त्रक्रियेमुळे एकाला ठेवून यावंच लागलं, तर घरच्याचा टॉवेल त्याच्याजवळ ठेवा. परतल्यावर पहिली भेट पुन्हा न्हाणीघरात.