कॅटामरानची निवड आणि वजनाचा हिशेब

लाकडे एकत्र बांधून केलेल्या तराफ्याला तमिळमध्ये ‘कट्टुमरम्’ म्हणतात. हे नाव युरोपने उचलले आणि आज फ्रान्समध्ये बांधल्या जाणाऱ्या, दोन होड्या शेजारी-शेजारी जोडून केलेल्या, तीन-चार शयनकक्षांच्या शिडाच्या नौकांनाही ‘कॅटामरान’ म्हणून तेच लावले जाते. लांबच्या प्रवासासाठी अशी नौका घेणाऱ्यापुढे पुष्कळदा लॅगून ४५० आणि आउटरमर ५१ यांसारखी जोडी येते. पहिली सुमारे १४ मीटर लांब, जवळजवळ ८ मीटर रुंद आणि रिकामी असताना १५ टनांच्या आसपास वजनाची आहे. दुसरी तिच्याहून दीडेक मीटर लांब असूनही वजनाला १० ते ११ टनच भरते. शिडांचे क्षेत्रफळ मात्र दोघींचे साधारण सारखेच आहे, आणि निवडीचा सगळा पेच इथूनच सुरू होतो.

पाणी कापत जाणारी कोणतीही नौका स्वतःची लाट उठवते, आणि वेग वाढेल तशी ती लाट लांबत जाते. लाटेची लांबी नौकेच्या पाण्यालगतच्या लांबीइतकी झाली की रुंद नौका स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात अडकते. १४ मीटर लांबीला ही मर्यादा सुमारे ९ नॉट, म्हणजे ताशी ९ सागरी मैल, येते. कॅटामरानच्या दोन्ही बाजूंच्या होड्या, ज्यांना नौकाबांधणीत हल म्हणतात, जितक्या सडपातळ तितकी ही लाट लहान राहते आणि मर्यादा सैल होते. आउटरमरचे हल याच हिशेबाने अरुंद ठेवलेले असतात. कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंतचे २,७०० सागरी मैल सरासरी ७ नॉटने १६ दिवसांत, तर ९ नॉटने साडेबारा दिवसांत संपतात.

पण हा हिशेब हलक्या नौकेचा आहे. १० मिलिमीटरच्या नांगराच्या साखळीचे वजन मीटरला सव्वादोन किलोच्या घरात असते, म्हणजे १०० मीटर साखळी सव्वादोनशे किलोंहून अधिक होते. ६०० लिटर पाणी, तितकेच डिझेल, छोटी मोटरबोट, बॅटऱ्या, हत्यारे, तीन महिन्यांचा शिधा आणि ‘लागेल कधीतरी’ म्हणून घेतलेल्या असंख्य वस्तू मिळून दोन टन सहज होतात. ढोबळ गणित मांडले तर अरुंद हलची नौका एवढ्या वजनाने सुमारे ८ सेंटिमीटर आणि रुंद हलची सुमारे ६ सेंटिमीटर खाली बसते. फरक किरकोळ वाटतो. पण दोन हलांना जोडणाऱ्या पुलाचा तळ आणि पाणी यांमधले अंतर तेवढेच घटते, आणि समोरून येणारी लाट तळावर आदळू लागली की टेबलावरचा पेला उडतो आणि रात्रीची झोपही. सामान आवरता येत नसेल, तर चपळ नौकेसाठी मोजलेले जादा पैसे पाण्यात गेले असेच समजावे.

स्थिरतेच्या बाबतीत मात्र वजन मित्र ठरते. कोकणातल्या होडीला उलांडी बांधतात ती आधाराचा पाया रुंदावण्यासाठी. कॅटामरानचाही आधार रुंदीचाच आहे. वाऱ्याकडचा हल पाण्यातून जेमतेम सुटतो त्या क्षणी उलटण्याला होणारा विरोध सर्वाधिक असतो, आणि तो साधारणपणे एकूण वजन गुणिले दोन हलांमधल्या अंतराचा निम्मा भाग एवढा भरतो. हे निम्मे अंतर दोघींसाठी ३ मीटर धरले, तर लॅगूनला सुमारे ४५ टन-मीटर मिळतात आणि रिकाम्या आउटरमरला तीस ते तेहतीस. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे २० नॉटचा वारा २८ वर गेला की शिडावरचा दाब जवळपास दुप्पट होतो. एका हलाची नौका वाढत्या वाऱ्यात कलते आणि सावध करते, कॅटामरान जवळजवळ सपाटच राहते. म्हणून तिच्यावर शीड अंदाजाने नव्हे, तर वारामापकाचा आकडा पाहून कमी करावे लागते, आणि हलक्या नौकेवर ते लवकर करावे लागते. रात्री तीन वाजता उठून हे करण्याची तयारी ज्याची नाही, त्याने आउटरमरच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

उलटल्यानंतर मात्र दोघी सारख्याच. २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात भारतीय नाविक अभिलाष टॉमी यांची गोव्यात बांधलेली एक-हली ‘थुरिया’ पूर्ण कोलांटी खाऊन, डोलकाठी गमावूनही, तळाच्या वजनामुळे पुन्हा सरळ झाली. कॅटामरान पालथी पडली की तशीच तरंगत राहते.

लॅगूनच्या तळाला आखूड, पक्के कील, म्हणजे नौका आडवी घसरू नये म्हणून लावलेले उभे पंखे, असतात, त्यामुळे योग्य जागी ओहोटीला ती वाळूवर बसवता येते. आउटरमरला त्यांच्याऐवजी उभी पाती असतात आणि ती वरखाली सरकतात. ती खाली सोडली की नौका वाऱ्याच्या दिशेला अधिक जवळून जाते आणि वर ओढली की बाजूच्या मोठ्या लाटेत अडखळण्याऐवजी घसरून निघते. मात्र त्या पात्यांच्या खोबणी हलच्या आतली जागा खातात आणि देखभालही मागतात.

वापरलेली नौका पाहायला गेलात, तर आधी धक्क्यावरून हलच्या कडेला रंगवलेली पाण्याची रेघ पाहावी. लांबच्या प्रवासाहून आलेल्या बऱ्याच नौकांवर जुन्या रेघेच्या चार बोटे वर नवी रेघ ओढलेली दिसते.