लाटांसाठी पॅडलबोर्ड: जितका मोठा तितका सुरक्षित?

पॅडलबोर्ड म्हणजे उभं राहून वल्ह्याने चालवायचा बोर्ड. ‘बोर्ड जितका लांब-रुंद, तितका लाटांवर सुरक्षित’ हे त्याबद्दलचं वाक्य बरीच वर्षं फिरतंय. ठाण्या-नवी मुंबईत ते पटणं स्वाभाविक आहे. उपवनसारख्या तलावाच्या संथ पाण्यात मोठा बोर्ड खरंच कमी डुलतो.

लाटेचं गणित वेगळं. साडेबारा फुटी, सपाट तळाचा बोर्ड सरळ लांब पल्ला कापायला बनवलेला असतो. उतरत्या लाटेवर त्याचं पुढचं टोक पाण्यात घुसतं आणि माणूस पुढे फेकला जातो. असा बोर्ड पटकन वळतही नाही. फेसाळ पाण्यात सुटला तर आजूबाजूच्यांना इजा करू शकतो. म्हणून लाटांचे बोर्ड साधारण सात ते दहा फुटांचे आणि टोकाला जास्त उचललेले असतात.

हे स्वतः तपासता येतं. बोर्ड सपाट फरशीवर ठेवा आणि बाजूने वाकून टोक किती उचललंय ते बघा. मग त्यावर छापलेले लिटर वाचा. एक लिटर घनफळ साधारण एक किलो वजन पेलतं. ७० किलोचा माणूस आणि ९ किलोचा बोर्ड, म्हणजे ७९ लिटरला बोर्ड जेमतेम पाण्याच्या पातळीवर राहील. नवशिक्याला याहून बरेच जास्त लिटर हवेत, १२०च्या आसपास किंवा वर. म्हणजे अगदी छोटा बोर्डही उपयोगाचा नाही.

बोर्ड पायाला बांधून ठेवणारी दोरी लाटांत सरळ हवी. स्प्रिंगसारख्या गुंडाळीची दोरी संथ पाण्यासाठी, कारण ताणली की ती बोर्ड उसळून अंगावर आणू शकते.