बांधकामावरील आग व स्फोट : जखमी मजुरांचे हक्क (नागपूर)

बांधकाम चालू असताना लागलेल्या आगीत भाजलेल्या किंवा स्फोटात जखमी झालेल्या मजुराला, अथवा तो दगावल्यास त्याच्या अवलंबितांना, मालकाकडून व काही बाबतींत राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडून मिळणाऱ्या भरपाईच्या हक्कांना उद्देशून ही संज्ञा वापरली जाते. या हक्कांचा पाया मालकाचा दोष हा नाही. अपघात ‘कामातून व कामाच्या ओघात’ झाला एवढे सिद्ध झाले की मालकाचे दायित्व सुरू होते. दोष शोधण्याचे काम फौजदारी कायद्याचे आहे आणि त्याचा निकाल लागेपर्यंत भरपाई थांबवण्याचे कारण नाही.

नागपूर शहराचा पश्चिम भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर वसला आहे आणि पूर्वेकडे जुना नाइस खडक लागतो. विहीर, तळघर किंवा पायाच्या खोदाईत कठीण खडक लागला की सुरुंग लावणे ही येथील जुनी रीत आहे. स्फोटाचे अपघात बहुधा न उडालेल्या सुरुंगावर पुन्हा पहार चालवल्याने किंवा वेळेआधी पेट घेतल्याने होतात. आगीची कारणे निराळी : वेल्डिंगची ठिणगी, रंगकामातील थिनर, वॉटरप्रूफिंगसाठी तापवलेले डांबर, ॲसिटिलीनचे नळकांडे आणि मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांतील स्वयंपाकाचा गॅस. स्फोटके व दाबाखालील वायू यांचे परवाने देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे (पेसो) मुख्यालय नागपुरातच आहे. स्फोटके अधिनियम, १८८४ खाली स्फोटाची वर्दी देणे बंधनकारक आहे आणि त्यावरील चौकशी अहवाल मजुराला पुरावा म्हणून उपयोगी पडतो. भरपाईचा अर्ज मात्र या कचेरीत चालत नाही.

उगम : दोषाशिवाय भरपाई या तत्त्वाचे मूळ काही लेखक जर्मनीच्या १८८४ च्या अपघात विमा कायद्यात पाहतात, तर काही इंग्लंडच्या १८९७ च्या कायद्यात. भारतापुरते बोलायचे तर दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण ‘कामातून व कामाच्या ओघात’ हे शब्दच इंग्रजी कायद्यातून जवळजवळ जसेच्या तसे उचललेले आहेत. त्यापूर्वी येथे १८५५ चा प्राणांतिक अपघात अधिनियम होता. पण त्याखाली अवलंबितांना मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागे आणि जिवंत राहिलेल्या जखमीला त्याचा काहीच उपयोग नव्हता. कामगार भरपाई अधिनियम १९२३ मध्ये संमत होऊन १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होते, त्यामुळे सुरुवातीची अपिले न्यायिक आयुक्तांकडे (हे तेव्हाचे प्रांताचे वरिष्ठ न्यायालय), १९३६ पासून नागपूर उच्च न्यायालयाकडे आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जाऊ लागली. २००९ च्या दुरुस्तीने ‘कामगार’ जाऊन ‘कर्मचारी’ हा शब्द आला. दैनंदिन बोलण्यात वकील आणि मजूर दोघेही अजून ‘वर्कमन कंपेन्सेशन’च म्हणतात.

कोणते बांधकाम, कोणता मजूर : १९२३ च्या अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीतील (कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या कामांच्या यादीतील) वर्णने वाचकाला जुनाट वाटतील, पण वाद तेथेच होतात. इमारत एकाहून अधिक मजल्यांची असावी किंवा जमिनीपासून छपराच्या कळसापर्यंत बारा फूट वा अधिक उंच असावी, अशी अट आहे. खोदाईबाबत तीन पर्याय आहेत : मागील बारा महिन्यांत एखाद्या दिवशी पंचविसाहून अधिक माणसे कामावर असणे, स्फोटके वापरलेली असणे, किंवा खोली बारा फुटांहून जास्त असणे. यांपैकी एक पुरते. म्हणजे दोनच मजुरांनी खणलेल्या उथळ विहिरीतसुद्धा सुरुंग उडवला गेला असेल, तर ती खोदाई अनुसूचीत बसते. नैमित्तिक कामावरील माणूस वगळणारे शब्द २००० च्या दुरुस्तीने गेले. ठिय्यावरून (मजूर काम मिळवण्यासाठी जमतात त्या नाक्यावरून) एका दिवसाच्या रोजीवर नेलेला बिगारी किंवा रेजा (स्त्री मजूर) तेव्हापासून स्पष्टपणे कायद्याच्या कक्षेत आहे.

मजूर मुकादमाचा, मुकादम ठेकेदाराचा आणि ठेकेदार बिल्डरचा, अशी साखळी असते. कलम १२ प्रमाणे स्वतःच्या व्यवसायाचे काम ठेकेदाराकडून करून घेणारा मुख्य मालक भरपाईला जबाबदार ठरतो आणि नंतर ती ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. मजुराने आधी कोणाला धरावे, हा प्रश्नच या कलमाने काढून टाकला आहे. स्वतःचे राहते घर बांधणारा गृहस्थ मात्र ‘व्यवसाय’ करत नसल्याने सामान्यतः यातून सुटतो आणि तेथे ठेकेदारच मालक मानला जातो.

मालकाचे बचाव : मजुराने थिनरच्या डब्याजवळ बिडी पेटवली, हा बचाव नेहमी येतो. मजुराचा निष्काळजीपणा हा बचाव नव्हे. नशा, सुरक्षेसाठी स्पष्टपणे दिलेल्या आज्ञेचा किंवा केलेल्या नियमाचा हेतुपुरस्सर भंग, अथवा सुरक्षा साधन जाणूनबुजून काढणे हेच बचाव आहेत. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तेही चालत नाहीत. रात्री साइटवरील खोलीत सिलिंडर फुटून भाजलेल्या मजुराबाबत मते दुभंगलेली आहेत. एका मताप्रमाणे स्वयंपाक हे खासगी कृत्य होय. दुसऱ्या मताप्रमाणे, राखणीसाठी किंवा पहाटेच्या कामासाठी मालकाच्याच सोयीने मजुराला तेथे ठेवले असेल, तर कामाचा ओघ त्या खोलीपर्यंत पोहोचतो. कामाच्या स्थळ-काळाची मर्यादा प्रसंगानुसार थोडी ताणता येते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच मान्य केले आहे (त्या खटल्यात ते लागू झाले नाही, ही गोष्ट वेगळी). वस्तुस्थितीचा पुरावा असल्यास दुसरे मत बळकट आहे.

टक्केवारीचा प्रश्न : भाजलेल्या मजुराच्या दाव्यात सर्वाधिक घोटाळा येथे होतो. रुग्णालयाच्या कागदावरील ‘४० टक्के भाजला’ हा आकडा शरीराच्या किती पृष्ठभागाची कातडी जळाली ते सांगतो. कायद्याला हवा असतो कमाईची क्षमता किती टक्के गेली तो आकडा. दोहोंचा थेट संबंध नाही. पाठ व मांड्या भाजून बरा झालेला गवंडी पुन्हा थापी धरू शकतो, तर केवळ दोन्ही तळहात भाजून बोटे आखडलेल्या सेंट्रिंगवाल्याच्या शरीराचा जेमतेम दोन-तीन टक्के भाग जळलेला असतो आणि धंदा मात्र कायमचा जातो. पहिल्या अनुसूचीत अवयव गमावल्याचे दर ठरलेले आहेत : दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेल्यास ४० टक्के, अंगठा गेल्यास ३० टक्के. स्फोटातील पूर्ण बहिरेपणा आणि चेहऱ्याची अतितीव्र विद्रूपता यांना १०० टक्के मानले आहे. भाजल्याने आलेल्या आकुंचनाचा मात्र त्यात उल्लेख नाही. तेथे अर्हताप्राप्त डॉक्टरने कमाईची क्षमता किती गेली याचे मूल्यमापन करावे लागते. अनुसूचीतील दर हा तळ आहे, छत नव्हे, असे मानण्याकडे न्यायालयांचा कल आहे. डावा हात कोपराच्या वर कापला गेलेल्या सुताराला, एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून, सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी पूर्ण अपंग ठरवले. हा निकाल १९७५ च्या अखेरीचा असला तरी विधी अहवालांत १९७६ चा म्हणून ओळखला जातो.

त्याच निकालाचा दुसरा भाग व्याजासाठी महत्त्वाचा आहे. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, आयुक्तांच्या (या अधिनियमाखाली भरपाईचे अर्ज ऐकणाऱ्या अधिकाऱ्याच्या) निवाड्याच्या दिवशी नव्हे, असे त्यात म्हटले. २००७ व २००९ मधील लहान पीठांच्या दोन निकालांनी निवाड्याची तारीख धरली आणि विमा कंपन्यांनी काही वर्षे त्यांचाच आधार घेतला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच हे दोन निकाल मोठ्या पीठाचे निर्णय दुर्लक्षून दिले गेल्याचे म्हणून बाजूला ठेवले. अपघाताची तारीख हीच आज निश्चित स्थिती समजावी. एका महिन्यात रक्कम न दिल्यास १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड लागतो. व्याज विमा कंपनीवर टाकता येते, दंड मालकाच्याच खिशातून जातो.

रक्कम : मृत्यूसाठी मासिक वेतनाच्या ५० टक्के व कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. किमान रकमा अनुक्रमे १,२०,००० व १,४०,००० रुपये आहेत. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेपासून वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात (त्यापूर्वी ८,०००). तीस वर्षांच्या मजुराचा गुणक २०७.९८ असल्याने ही मर्यादा धरून मृत्यूची भरपाई १५,५९,८५० रुपये व पूर्ण अपंगत्वाची १८,७१,८२० रुपये होते. कमाईची क्षमता ४० टक्के गेल्यास अपंगत्वाच्या रकमेचे ४० टक्के, म्हणजे ७,४८,७२८ रुपये. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम मिळते. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च २००९ च्या दुरुस्तीपासून वेगळा मागता येतो. कातडी रोपणाच्या एकामागून एक शस्त्रक्रिया लागणाऱ्यांना ही तरतूद सर्वांत उपयोगी आहे, आणि अर्जात तीच बहुधा राहून जाते.

कार्यपद्धती : अर्ज अपघातापासून दोन वर्षांत करावा, सबळ कारण असल्यास विलंब माफ होतो. नागपुरात आयुक्तांचे काम कामगार न्यायालयातील न्यायाधीश पाहतात. १९९५ च्या दुरुस्तीनंतर अर्जदार राहतो त्या ठिकाणीही अर्ज करता येतो, त्यामुळे बालाघाट किंवा राजनांदगावकडून आलेल्या मजुराच्या विधवेला नागपूरच्या खेपा घालण्याची सक्ती नाही. मृत्यूच्या प्रकरणात मालकाने रक्कम आयुक्तांकडेच भरावी लागते. परस्पर हातात दिलेली रक्कम भरपाई गणली जात नाही (तीन महिन्यांच्या वेतनाइतकी उचल तेवढी वजा होते). ‘आता काही मागणे नाही’ असा अंगठा घेतलेला स्टँपपेपर कलम १७ प्रमाणे निरर्थक आहे. दिवाणी न्यायालयात नुकसानीचा दावा आणि आयुक्तांकडील अर्ज हे दोन्ही एकाच दुखापतीसाठी चालत नाहीत, एक मार्ग निवडावा लागतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) नोंद असलेल्या मजुराला या अधिनियमाऐवजी त्या योजनेचे लाभ मिळतात. सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, १९९१ मात्र मजुराच्या कामाचा नाही. स्फोटात जखमी झालेला वाटसरू त्याखाली येतो, मजुराला त्यातून वगळले आहे.

नव्या संहिता : सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० व व्यावसायिक सुरक्षा संहिता, २०२० या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि १९२३ चा अधिनियम तसेच बांधकाम मजुरांचा १९९६ चा अधिनियम त्यांत विलीन झाले. भरपाईचा सांगाडा बराचसा तोच आहे. घर ते काम या प्रवासातील अपघात, कामाशी संबंध दिसत असल्यास, आता स्पष्टपणे समाविष्ट आहे. सुरक्षा नियमभंगाने मृत्यू झाल्यास होणाऱ्या दंडापैकी किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय करू शकते. या तारखेपूर्वीच्या अपघातांना जुनाच कायदा लागू राहील, हे मत देय तारखेच्या वरील तत्त्वाशी सुसंगत आहे.

कल्याण मंडळ : महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये स्थापन झाले. अठरा ते साठ वयाच्या, मागील वर्षात नव्वद दिवस काम केलेल्या मजुराची तेथे नोंदणी होते. मंडळाचे साहाय्य मालकाच्या भरपाईतून वजा होत नाही. नोंदणी नसली तरी मालकाविरुद्धचा हक्क अबाधित राहतो.