गाटूनच्या लॉकमधल्या युद्धनौका : फोटो लावण्याआधी हे वाचा

हा फोटो घेणाऱ्या निम्म्या लोकांचा पहिला प्रश्न एकच असतो : "फ्रेम वाकडी बसलीय का? एक जहाज वर नि एक खाली कसं?" फ्रेम सरळच आहे. पनामा कालव्यात गाटूनला लॉकच्या, म्हणजे दारं लावलेल्या पाण्याच्या हौदांच्या, दोन रांगा शेजारी-शेजारी आहेत. प्रत्येक रांगेत तीन पायऱ्या. समुद्रपातळीवरचं जहाज त्या चढून ८५ फूट वरच्या गाटून तलावात जातं. पुढच्या पायरीवरचं जहाज वर दिसतं, मागचं खाली. पंप कुठेच नाही. तलावाचं पाणी भिंतींतल्या भुयारांतून आपल्या वजनानेच हौदात उतरतं.

काळ १९१९ चा जुलै. अमेरिकेचा पॅसिफिक ताफा अटलांटिकमधून पलीकडे निघाला होता. कालवा सुरू होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती.

आता डागांबद्दल. हौदाच्या भिंतीवरचा गडद पट्टा म्हणजे ओल. पाणी नुकतंच उतरलंय. आम्ही तो पुसलेला नाही. जहाजांवरच्या टोपलीसारख्या विणलेल्या डोलकाठ्याही खऱ्याच. पोलादी नळ्यांची जाळी असली की एखादा गोळा लागूनही काठी उभी राहील, असा तेव्हाचा हिशेब. (१९१८ मध्ये 'मिशिगन' या युद्धनौकेची अशीच काठी वादळात कोसळली, तोफगोळ्याशिवाय!) पांढरे ठिपके मात्र निगेटिव्हवरच्या धुळीचे. तेवढे आम्ही काढले. मूळ कृष्णधवल फोटोत रंग भरून देत नाही. कुणी मागितले तरी नाही.

जहाजापासून भिंतीकडे गेलेल्या बारीक रेषांकडे नीट बघा. त्या ओरखडे नाहीत, तारा आहेत. भिंतीवरच्या रुळांवरून विजेची छोटी इंजिनं चालतात, तिथली माणसं त्यांना खेचरं म्हणतात. हौद ११० फूट रुंद, त्यात लढाऊ जहाज शिरलं की दोन्ही बाजूंना फार जागा उरत नाही. ते भिंतीला घासू नये म्हणून ही खेचरं तारांनी धरून ठेवतात.

टांगताना : बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल तर तिथे नको. फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना कॉर्कचे तुकडे चिकटवून दिलेत, ते काढू नका. हवा खेळती राहते. काच पुसताना फवारा फडक्यावर मारायचा, काचेवर नाही, नाहीतर पाणी कडेने आत उतरतं आणि मग कसर लागते.

एक कबुली. पहिल्या खेपेच्या प्रतींत आमच्याच पोराने त्या तारा ओरखडे समजून साफ पुसून टाकल्या. तुमच्या फोटोत रेषा नसतील तर फ्रेमसकट घेऊन या. प्रिंट बदलून देऊ, पैसे नाहीत.